भाऱ्याएवढी वाट

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा म्हशी खरं बोलायच्या आणि माणसं आजच्याइतकीच खोटं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्यात डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातच कुणाचे तरी सोयरे तिथले निघतील आणि माझ्यावर रुसतील. घरं अशी दाटीनं बसलेली, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरातला म्हातारा शिंकायचा. घर म्हटलं की अंगण आलं, अंगण म्हटलं की कुंपण आलं, आणि कुंपण म्हटलं की काय येतं ते मी सांगायला नको. ज्यांना शेजारी आहेत त्यांनी आत्ताच मान डोलवली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गोष्टीत मध्ये एक घाबरायची जागा आहे, पण शेवट गोड आहे. तेव्हा पोरांनी डोळे मिटू नयेत आणि थोरांनी पेंगू नये.

तर त्या राज्यात पूर्वी एक शहाणा राजा होऊन गेला होता. शहाणे राजे नेहमी पूर्वीच होऊन गेलेले असतात, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्या राजानं कुंपणाचा नियम घालून दिला होता. कुंपण इतकंच उंच असावं, की वरून शेजारणीला ताकाची लोटी देता यावी. आणि समोरासमोरच्या दोन कुंपणांमध्ये इतकी वाट सोडावी, की डोक्यावर भारा घेतलेली बाई एकही काडी न सांडता त्यातून जावी. बस्स, एवढाच नियम. राजाला ठाऊक होतं, नियम लांबला की लोक त्यातलं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात.

गावात बोराटीची कुंपणं होती. म्हणजे लाकडाच्या मेढी रोवायच्या आणि मेढींच्या आधारानं बोरीच्या काटेरी फांद्या दडपून बसवायच्या. वर्षभरात काटे वाळून झडायचे, म्हणून सुगी झाली की सगळं गाव नवी कुंपणं घालायचं. मग निघायची भाऱ्याची फेरी.

काय थाट असायचा त्या फेरीचा! गावातली एक बाई डोक्यावर चुंबळ ठेवायची, चुंबळीवर कडब्याचा भला थोरला भारा घ्यायची आणि एकेका बोळातून चालायची. तिच्या मागं पाटील, पाटलाच्या मागं पंच, पंचांच्या मागं पोरं आणि पोरांच्या मागं कुत्री. ज्याच्या कुंपणाला अडून काडी पडेल त्यानं कुंपण मागं घ्यायचं आणि वर पंचांना पुरणपोळीचं जेवण घालायचं. त्यामुळं पंचांची नजर मोठी तीक्ष्ण असायची. संध्याकाळपर्यंत एकही काडी पडली नाही, तर त्यांची तोंडं बघवत नसत.

असं सगळं छान चाललं होतं. छान चाललेलं असलं की कुणाला तरी म्हैस घ्यायची बुद्धी होते.

ती बुद्धी हैबतीला झाली. हैबतीचं घर एका लांब बोळाच्या अगदी टोकाला होतं. घरामागं सरळ उभा कडा, त्यामुळं यायला-जायला बोळ तेवढा एकच. हैबती वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, शेवटी त्याला वाघानं खाल्लं की झालं. हैबती आपल्यासारखाच होता. देवाला नमस्कार करायचा, भिकाऱ्याला भाकरी द्यायचा आणि जमीन दिसली की त्याच्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटायची.

त्यानं एक गुबगुबीत रेडी आणली आणि अंगणात बांधली. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, हिला शेपूट हलवायला जागा नाही. हलवलं की माझ्या तुळशीला लागतं."

"मग शेपूट बांधून ठेव."

"तुमची जीभ बांधते त्यापेक्षा. कुंपण जरा पुढं सरकवा की. वीतभर!"

रेडी रवंथ करता करता म्हणाली, "मालक, मला जागा पुरेशी आहे. तुळस उचलून पलीकडं ठेवा." पण खरं बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? त्यातून ती म्हशीची जात. हैबतीनं मेढी उपटल्या आणि वीतभर पुढं, बोळात रोवल्या.

आता प्रश्न आला भाऱ्याच्या फेरीचा. काडी पडणार, पंच जेवणार, कुंपण मागं जाणार. हैबतीनं पुष्कळ विचार केला. इतका विचार त्यानं लग्नाच्या वेळीसुद्धा केला नव्हता. आणि त्याला सुचलं, की पंच शेवटी जेवणारच आहेत तर त्यांना आधीच का जेवू घालू नये?

फेरीच्या दिवशी सकाळीच पाटील आणि पंच हैबतीच्या पडवीत बसले. सगुणा पोळ्या वाढत होती, हैबती तुपाची वाटी घेऊन फिरत होता.

"पाटील, एक विचारू का?" हैबती म्हणाला. "भारा म्हणजे केवढा हो?"

पाटलानं घास गिळला. "भारा म्हणजे... भारा."

"ते झालंच. पण राजानं केवढा ते सांगितलंय का?"

"नाही बुवा. राजाला कामं असतात."

"मग जरा आवळून बांधला तर तो भाराच ना?"

"भाराच."

"आणि त्यात कडबा जरा कमी असला तर?"

"अरे, तूप वाढतोस की वाटीच फिरवत राहणार आहेस?" पाटील म्हणाला. "कमी असला तरी भाराच! भारा काही वजनावर ठरत नाही, बांधण्यावर ठरतो."

असं म्हणून पाटलानं समाधानानं ढेकर दिली. त्या राज्यात पाटलाची ढेकर म्हणजे निकालच.

त्या वर्षी भारा आवळून बांधला गेला. बाई बोळातून गेली, काडी पडली नाही. हैबतीचं कुंपण नियमात बसलं.

पण गाव काही आंधळं नव्हतं. हैबतीच्या समोर, बोळाच्या पलीकडं केरबा राहायचा. दोघं लहानपणी एका झाडावरच्या कैऱ्या चोरलेले मित्र. केरबानं हैबतीच्या कुंपणाकडं पाहिलं, मग स्वतःच्या कुंपणाकडं पाहिलं.

"ह्यानं वीत घेतली, तर मी काय नुसती टाळी वाजवू?" तो बायकोला म्हणाला. पुढच्या सुगीला त्यानं पंचांना आधीच जेवायला बोलावलं, पोळीबरोबर खीरही केली आणि आपलं कुंपण वीतभर पुढं सरकवलं. मग केरबाच्या शेजाऱ्यानं सरकवलं, त्याच्या शेजाऱ्यानंही सरकवलं. हैबती मागं राहतो की काय! त्यानं आणखी एक वीत घेतली.

कुंपणं पुढं सरकत गेली आणि भारा बारीक होत गेला. भाऱ्याची पेंढी झाली, पेंढीची मूठ झाली. इकडं आधीची जेवणं जेवून जेवून पंच असे फुगले, की त्यांना बोळात शिरताच येईना. ते बोळाच्या तोंडाशी घोंगडी टाकून बसायचे आणि आत ओरडून विचारायचे, "पडली का गं काडी?" आतून ज्याचं कुंपण तोच ओरडायचा, "नाही पडली!" असा तो न्याय.

शेवटी एका वर्षी तर कमाल झाली. फेरीच्या बाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीत कडब्याची एक काडी उभी खोचली. ती तुरा लावलेल्या नवरदेवासारखी सगळं गाव फिरून आली. काडी पडली नाही. पडेल कशी, गुळानं चिकटवली होती! पंचांनी माना डोलवल्या. गावातली सगळी कुंपणं एकजात नियमात बसली आणि गावातला एकही बोळ माणसाच्या कामाचा उरला नाही.

मग लोक आडवे चालू लागले. पाठ एका कुंपणाला, पोट दुसऱ्या कुंपणाला आणि पाऊल बाजूला. अंगात इतकी सवय भिनली, की बाजारच्या मोकळ्या माळावरही त्या गावचे लोक आडवेच चालत. इतर गावचे म्हणत, "आले बघा खेकडे." बोळात समोरासमोर दोन बायका आल्या तर एकीनं मागं फिरावं लागे, आणि कुणी फिरायचं हे ठरेपर्यंत दोघींच्या कळशीतलं पाणी कोमट होई. हैबतीची रेडी आत वाढून थोराड म्हैस झाली. तिला बाहेर काढायचा प्रश्नच उरला नाही. सगुणा तिला चारा बाहेरून आणायची आणि शेण टोपलीत भरून बाहेर न्यायची.

"मालक," म्हैस म्हणायची, "अंगण मोठं झालं हे खरं. पण आता हे अंगण आहे की दावं?"

"गप गं," हैबती म्हणायचा. "म्हशीला काय कळतं?"

हे चुकीचं चाललंय हे सगळ्यांना कळत होतं. मनातून प्रत्येकाला वाटायचं, की मेढी मागं घ्याव्यात. पण त्या गावात एक समज रुजला होता, की जो पहिली मेढ उपटेल त्यानंच पहिली वीत चोरली असणार. म्हणून कुणी हात लावत नव्हतं. सगळं गाव खरचटून घेत होतं, ओरखड्यांना हळद लावत होतं आणि शेजाऱ्याची वाट पाहत होतं.

अशात हैबतीच्या मुलाचं लग्न झालं. सून आली, तिचं नाव मैना. हसरी, चुणचुणीत आणि अंगानं छडीसारखी. ती बोळातून अशी सरकत आली, की काट्याला पदरही लागला नाही. सगुणा बायकांना अभिमानानं सांगायची, "आमची सून बोळाच्या मापाची आहे!" पुढं मुलगा तांड्याबरोबर मीठ आणायला समुद्राकडं गेला आणि इकडं मैनेला दिवस गेले.

आता जरा लक्ष द्या. सासू झालेल्यांनी जरा जास्तच द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातवा महिना लागला तसा मैनेचा भाऊ बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला. गाडी अर्थातच गावाबाहेर ठेवली आणि तो आडवा होऊन बोळातून आला. मैनेनं गाठोडं बांधलं, सासू-सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि ती बोळात शिरली. दोन पावलं गेली आणि थांबली. पुढं पोट जाईना. आडवी झाली तर पोट समोरच्या कुंपणाला, उभी झाली तर दोन्ही दंड काट्यांना.

"मामंजी," ती सासऱ्याला म्हणाली, "दोन मेढी तरी मागं घ्या. मी गेले की पुन्हा रोवा."

हैबतीचा हात मेढीकडं गेलासुद्धा. तेवढ्यात पलीकडं केरबा कुंपणावर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काय हैबती, सून मोठी झाली की वाट लहान झाली?"

झालं! हैबतीनं हात मागं घेतला. "वाट तुझ्या बाजूनं आलीय पुढं. आधी तू मागं घे."

"मी का घेऊ? वीत कुणी आधी घेतली ते बोळाला विचार."

"बोळाला विचारत नाही. पंचांनी नियमात बसवलंय माझं कुंपण!"

"माझंही बसवलंय की. मी तर खीर घातली होती."

मैनेचा भाऊ एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "पाव्हणं, आमच्या आईनं डोळ्यात प्राण आणलाय. तिला मी काय सांगू?"

सगुणा मध्ये पडली. "सांगा, की आम्हीच करू बाळंतपण. ठमाई आहे आमची."

भाऊ रिकामी गाडी घेऊन परतला. मैना म्हशीशेजारी जाऊन बसली आणि तिची पाठ खाजवू लागली.

"बाई," म्हैस हळूच म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा मलाही ही वाट पुरत होती."

आता ठमाई कोण ते सांगतो. ठमाई म्हणजे गावाची सुईण. गावात एकच सुईण आणि ती एकटीच तिघींइतकी. देवानं तिला घडवताना माती मोजलीच नव्हती. चालायला लागली की उतरंडीवरची मडकी हलायची. पण हात असे मऊ आणि हुशार, की गावातल्या प्रत्येक पोरानं त्या हातांतच पहिल्यांदा जग पाहिलेलं. पाटलानंसुद्धा. म्हणून ती पाटलालाही "ए, बाब्या" म्हणायची. ती राहायची बोळाबाहेर, विहिरीपाशी. बाकीच्या घरांतून बाळंतीण होणारी बाई कशीबशी तिच्याकडं चालत यायची, त्यामुळं बोळात शिरायची वेळ तिच्यावर बरीच वर्षं आली नव्हती.

मैनेचे दिवस भरले. एका सकाळी, ऊन नुकतं अंगणात आलेलं असताना, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. हैबती आडवा होऊन धावला. आडवं धावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, न पाहिलेलाच बरा. त्यानं ठमाईला हाक मारली. ठमाईनं हात धुतले, पदर खोचला आणि बोळात शिरली.

सुरुवातीला बोळ जरा रुंद होता, तिथवर ती रेटून गेली. बोराटी कडाकडा मोडत गेली आणि तिच्या तोंडून शिव्या सडासडा पडत गेल्या. पण हैबतीच्या आणि केरबाच्या कुंपणांमध्ये आली आणि बसली ती पाचरीसारखी! पुढं जाईना, मागं येईना. एका बाजूनं हैबतीचे काटे पाठीत, दुसऱ्या बाजूनं केरबाचे काटे पोटात. लुगडं दोन्हीकडं अडकलेलं.

बघता बघता गाव जमलं. पण जमणार कुठं? सगळे तिच्या मागं बोळात एकामागं एक, माळेतल्या मण्यांसारखे. पाटील आणि पंच बोळाच्या तोंडाशी.

"ठमाई, जरा श्वास सोड," आत अंगणात उभा राहून हैबती म्हणाला.

"श्वास सोडते रे मेल्या, पोट कुठं सोडू?"

"जरा आडवी हो."

"मला आडवी काय नि उभी काय, सगळीकडून सारखीच आहे मी!"

लोक हसले. घरातून मैनेची किंकाळी आली आणि हसू तिथल्या तिथं थांबलं.

"केरबा, तुझं कुंपण मागं घे," हैबती ओरडला.

"तू घे! पहिली वीत तुझी!"

"तुझ्याकडं मेढी कमी आहेत, तुला सोपं आहे!"

"अरे गाढवांनो," ठमाई म्हणाली, "तुमचा निकाल लागेपर्यंत ते पोर चालत येऊन मलाच बाहेर काढेल."

लांबून पाटलाचा आवाज आला, "काय चाललंय आत? काडी पडली का?"

"काडी नाही पडली, ठमाई अडकलीय!" मधल्या मण्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात सगुणा घरातून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ठमाई, पाय दिसतोय. बाळाचा पाय! डोकं नाही, पाय आहे."

ठमाईच्या तोंडावरची थट्टा पुसली गेली. बाळ पायाळू होतं. असलं बाळंतपण सगळ्या गावात एकटी ठमाई करू शकत होती, आणि तेही बाळंतिणीजवळ बसून, कुंपणात उभी राहून नाही. ती शांतपणे, अगदी हळू आवाजात म्हणाली, "हैबती, आता गंमत नाही. मी तिच्यापाशी पोहोचायला हवी. आत्ता. नाहीतर तुझ्या घरातून दोन जीव जातील."

हैबतीनं केरबाकडं पाहिलं. केरबानं हैबतीकडं पाहिलं. बोळातल्या सगळ्या मण्यांनी श्वास रोखला.

मग हैबतीनं समोरची मेढ दोन्ही हातांनी धरली. काटे तळव्यात घुसले. त्यानं ती हलवली, वाकवली, उपटली आणि मोठ्यानं ओरडला, "गावानं ऐका! पहिली वीत मी चोरली! मी चोर!"

"दुसरी मी!" पलीकडून आवाज आला. हैबतीनं मान वर करून पाहिलं, तर केरबाच्या हातातही एक उपटलेली मेढ होती. कुणी आधी उपटली ते देव जाणे. दोघंही वेड्यासारखे मेढीमागून मेढी उपटू लागले, बोराटी हातांनी, पायांनी बाजूला लोटू लागले.

"अरे, पंचांना विचारल्याशिवाय कुंपण हलवता येत नाही!" बोळाच्या तोंडाशी पाटील ओरडला.

"बाब्या," ठमाई ओरडली, "तुझी परवानगी तुझ्या पोटातच राहू दे, तिथं भरपूर जागा आहे!"

आणि एकाएकी दोन्हीकडचे काटे सुटले. ठमाई धाडकन हैबतीच्या अंगणात पालथी पडली, उठली, धूळही न झटकता घरात शिरली आणि दार लागलं.

मग वाट पाहणं आलं. ती मात्र कुणाला आवळून बारीक करता येत नाही.

हैबती पडवीच्या पायरीवर बसला. त्याच्या तळव्यांत काटेच काटे होते आणि त्याला ते कळतही नव्हते. केरबा कुंपणाच्या मोडक्या जागेतून आत आला. कित्येक वर्षांनी तो त्या अंगणात आला होता. हैबतीशेजारी बसला, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, एक लांब काटा शोधला आणि त्या काट्यानं एकेक काटा काढू लागला.

"दुखतंय का?" केरबानं विचारलं.

"नाही," हैबती म्हणाला. आणि रडू लागला.

"रडतोस कशाला? एवढे काटे तर कैऱ्या चोरताना भरले होते."

"मैनेनं दोन मेढी मागितल्या होत्या रे. दोनच."

 तीच मागणी केरबानंही कुंपणावर हात टेकून ऐकली होती. तो खाली मान घालून काटे काढत राहिला. दारामागं ठमाईचा आवाज येत होता, कधी दटावणारा, कधी लाडानं बोलणारा. मग तोही थांबला. बोळात इतकं शांत झालं, की म्हशीनंही रवंथ बंद केलं.

आणि मग आतून एक आवाज आला. बारीक, चिडलेला, कुणालाही न विचारता आलेला.

ट्यांहां!

दार उघडलं. दारात ठमाई उभी. लुगडं फाटलेलं, अंगभर ओरखडे आणि तोंडभर हसू. "मुलगी आहे! मायलेकी दोघी झकास. पोरगी पायानं आली ती रागानंच, सगळ्यांना लाथा मारायच्या होत्या तिला."

हैबतीनं भुईवर डोकं टेकलं. केरबानं हातातला काटा फेकून दिला. बोळातल्या प्रत्येकानं असा निःश्वास सोडला, की दोन्हीकडची उरलेली बोराटी आपोआप हलली म्हणतात. मी काही पाहायला नव्हतो, पण खोटं कशाला म्हणू? रोखलेला श्वास सुटला की माणसाचं अर्धं आजारपण जातं. आत मैना हसत होती, सगुणा एकाच वेळी हसत आणि रडत होती, आणि म्हैस मोडक्या कुंपणातून डुलत डुलत बाहेर पडून बोळात मध्यभागी उभी राहिली होती. तिला हाकलायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दुपारी गावात कुणी दवंडी दिली नाही, सभा भरवली नाही. बोळात अडकलेले मणी एकेक करून सुटले, आपापल्या घरी गेले आणि आपापल्या मेढी उपटू लागले. पहिली वीत कुणाची, हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारणार कोण? प्रत्येकाच्याच हातात एक मेढ होती. पाटलाला वाकायला जमेना, तर त्याच्या बायकोनं उपटली आणि उपटता उपटता त्याला जे सुनावलं ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

बारसं बोळातच झालं. आता तिथं चटया आडव्या अंथरता येत होत्या, आणि लोक चटयांवर पाय पसरून बसले. नुसते बसले आणि पाय पसरलेले पाहून खूष होत राहिले.

पुढच्या सुगीला भाऱ्याची फेरी निघायची वेळ आली. पाटील जरा खाकरून म्हणाला, "यंदा भारा केवढा बांधायचा?"

"भारा राहू दे रे बाब्या," ठमाई म्हणाली. "यंदापासून मी चालते. दोन्ही हात कमरेवर ठेवून. ज्याच्या कुंपणाला माझं कोपर लागेल त्यानं मेढी मागं घ्यायच्या."

"आणि दंडाचं जेवण?" एका पंचानं आशेनं विचारलं.

"जेवण नाही. त्यानं डिंकाचे लाडू करायचे आणि गावात जी बाळंतीण असेल तिच्या घरी पोचवायचे."

कुणाचीच हरकत नव्हती. पंचांची होती, पण ती त्यांनी गिळली. त्या वर्षी ठमाई हात कमरेवर ठेवून सगळं गाव फिरली. तिचं कोपर एकदाच लागलं, ते पाटलाच्या कुंपणाला. जेवणं बंद झाली तसे पंच हळूहळू बारीक झाले, बोळात शिरू लागले आणि कोपर कुठं लागलं, कुठं नाही, हे पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघू लागले. हैबती आणि केरबानं आपापली कुंपणं इतकी मागं घेतली, की म्हशीला हवी तेव्हा नदीवर जाऊन डुंबून येता यायचं. ठमाई मात्र वय वाढेल तशी आणखी रुंद होत गेली, आणि गावाच्या वाटाही तिच्याबरोबर रुंद होत गेल्या.

तात्पर्य: वाटेतून चोरलेली वीत एक दिवस चोराच्याच दारात आडवी पडते.